मुराळी आखातात होता

परवा शिरपूरला लग्नाला जाताना मी नरडाण्याला गाडी वळवायला लावली. गाडी नातू चालवत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण माझ्यापुढे त्याचं काही चालत नाही. स्टेशनाच्या अलीकडे, जिथं आमची कापसाची जिनिंग गिरणी होती, तिथं मी उतरले. ‘आमची’ म्हणजे मालकीची नव्हे. माझा भाऊ तिथं फिटर होता, एवढ्यावरच आम्ही तिला आमची म्हणत असू. आता तिथं पत्र्याची लांबलचक शेड आहे आणि गेटावर एक पहारेकरी खुर्ची टाकून बसलेला. त्याला मी विचारलं, इथं पूर्वी काय होतं? तो म्हणाला, काही नव्हतं, पडीक जागा होती. माझा तिथंच पारा चढला. पण त्या बिचाऱ्याचा काय दोष, तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

गाडीत परत बसले तर नातवानं हळूच विषय काढला. "आजी, तुला सांगायचं राहिलं. मी कतारला चाललोय. तेल कंपनीचं काम आहे. टेंपररी गं, दोनच वर्षं."

मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यानं मोठ्यानं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, "गेल्या वर्षी तुझ्या बहिणीचं लग्न झालं. अखाजीला तिला आणायला कोण जाईल?"

तो हसला. "आजी, ती स्वतः गाडी चालवत येते."

खरं आहे. येते ती. नाशिकहून सकाळी निघते आणि दुपारच्या जेवणाला जळगावात हजर असते. माझ्या रागाला आता कुठं टेकायला जागा राहिलेली नाही. म्हणून तो मी इथं कागदावर काढते आहे.

जिनिंगचा हंगाम सुरू झाला की नरडाण्याची हवाच बदलायची. सरकीचा तो गोडसर, उग्र वास घरात शिरायचा, पांघरुणात बसायचा. रुईचे बारीक तंतू गल्लीभर उडत. वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवर, बिबड्यांवर बसत आणि मायला ते एकेक करून वेचावे लागत. भोंगा झाला की पाच मिनिटांत भाऊ घरी. डोक्यात रुई, भुवयांत रुई, हाताला वंगणाचा आणि तापलेल्या पितळेचा वास. मोरीवर बसून तो राखेनं हात घासायचा, तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. इंजिनाला लाकडाचा दांडा लावून दुसरं टोक कानाशी धरलं की आत कुठलं बेअरिंग कुरकुरतंय हे तो सांगू शकायचा. लोक कौतुकानं बघायला यायचे. मीही जायची, दाराबाहेर उभी राहून बघायची, आणि मैत्रिणींना सांगायची की तो माझा भाऊ आहे.

वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. घरात माय, भाऊ आणि मी. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. माझं लग्न त्यानंच जमवलं, नशिराबादला, केळीच्या बागा असलेल्या घरात. आमच्याकडून नशिराबाद म्हणजे अर्ध्या दिवसाचा प्रवास. जळगावपर्यंत पॅसेंजर आणि पुढे एस.टी. बोलीसुद्धा बदलायची. मी काही बोलले की सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

लग्नानंतरची पहिली अखाजी मला पानापानासकट आठवते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. अक्षय तृतीयेला आमच्याकडे अखाजी म्हणतात, आणि आमच्या खानदेशात ती दिवाळीहून मोठी. पितरांसाठी लाल मातीची घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवायच्या. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. पण खरी अखाजी लेकींची. सासरच्या पोरी माहेरी येतात, गौराई बसवतात, कडुनिंबाला झोके बांधून दिवस दिवस गाणी म्हणतात. आणि लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, शक्यतो भाऊ. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक सासरीच. मग माहेर एक कोसावर का असेना.

त्या वर्षी भाऊ मला घ्यायला आला, धुवट टोपी घालून, खांद्यावर नवा रुमाल टाकून. जिनिंगमधला दोर मागून आणून त्यानं आमचा झोका बांधला आणि आधी स्वतः त्यावर उभा राहून दोर तपासला. मी चार दिवस खाली पाय टेकवला नाही. आणि पाचव्या दिवशी त्यानं सांगितलं की तो कुवेतला चाललाय.

तिकडे आखातात तेलाच्या विहिरी निघाल्या होत्या आणि कंपनी मुंबईत माणसं निवडत होती. फिटर, सुतार, वेल्डर, कारकून. भाऊ जाऊन परीक्षाही देऊन आला होता. कुणाला पत्ता नाही. माय मला म्हणाली, "दोन वरीसनी गोट शे, कागदवर लिखेल शे म्हने." कागद इंग्रजीत होता. माय त्यावर हात फिरवून बघत होती, जसं काही तिला हाताला कळणार होतं.

तो का गेला, हे मला विचारू नका. त्यानं एकदा सांगितलं होतं, परत येऊन धुळ्याला स्वतःचं वर्कशॉप टाकीन म्हणून. ठीक आहे. टाक. पण दोन वर्षं ही काही रिकामी पिशवी नसते की घडी घालून कपाटात ठेवावी आणि परत आल्यावर उघडावी. त्या दोन वर्षांत इकडे माणसं राहत असतात. त्यांच्या अखाज्या येतात, त्यांना लेकरं होतात, त्यांचे डोळे जातात. हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मायनं त्याच्याबरोबर काय काय दिलं. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, लसणाची चटणी, आणि डालड्याच्या डब्यात दाबून भरलेला काळा मसाला. मसाल्याचा वास ट्रंकेतल्या सगळ्या शर्टांना लागला, असं त्यानं पहिल्याच पत्रात लिहिलं. बोटीवर शेजारचा मद्रासी वेल्डर म्हणे तुझी ट्रंक उघडली की मला भूक लागते.

पत्रं निळ्या पातळ कागदावर यायची. नशिराबादला मला आलेलं पत्र आधी सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचावं लागे. घरात वाचता येणारी बाई मी एकटीच, म्हणजे माझं पत्र वाचून दाखवायचं कामही माझंच. भाऊ लिहायचा, इथं झाड नाही. पाणी बोटीनं येतं. वायू जळतो त्याचा जाळ दिवसरात्र दिसतो आणि त्याचा सडक्या अंड्यासारखा वास. लोखंडी पाइपला दुपारी हात लावला तर कातडी निघते. गोऱ्या साहेबांची घरं वेगळी, त्यांचं थंड पाणी वेगळं, आमच्या बराकी वेगळ्या. साहेबाला येस सर म्हटलं की झालं, दुसरं इंग्रजी लागत नाही. ते वाचून सगळे हसले. मला हसू आलं नाही. ज्याच्या शब्दावर अख्खं इंजिन बंद होत असे, तो माझा भाऊ तिकडे येस सर म्हणत होता.

पहिल्या वर्षी अखाजी आली आणि मुराळी आला नाही. हे होणार होतं, मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. आमच्या गल्लीतल्या सुनांचे भाऊ एकेक करून यायला लागले. कुणी बैलगाडीनं, कुणी एस.टी.नं. त्या मला सांगून जात, येते गं. माझी नणंद माहेरी आली होती. ती परसातल्या झोक्यावर बसून गाणी म्हणत होती आणि मी आत चुलीपुढे सांजोऱ्या तळत होते. तिचा आवाज चांगला होता, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. पण एकदाही कुणी म्हटलं नाही, की ये गं बाहेर, तूही एक झोका घे. सुनेनं सासरच्या झोक्यावर बसू नये असा काही नियम नाही. मी पुढे पुष्कळ जणींना विचारून खात्री केली आहे.

त्याच वर्षी पावसाळ्यात मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही राहिलं, कारण न्यायला कोण येणार. आणि मायचे डोळे. शाळेतले मास्तर मायच्या वतीनं पत्र लिहायचे. त्यांनी लिहिलं, ‘तुमच्या आईंना एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्याला दिव्याभोवती कडी दिसतात. डॉक्टर काचबिंदू म्हणतात. नातीचं तोंड बघायचं आहे, एवढंच त्या सारखं म्हणतात.’ हे पत्रही मी सासूबाईंसमोर वाचलं. त्या म्हणाल्या, "अखाजीले कोनी आलं तं जाय."

मायनं इकडे यावं, तर विधवा आई लेकीच्या सासरी पाय ठेवत नाही, पाणी पीत नाही. तिनं तिच्या बाजूनं नियम पाळले, सासरच्यांनी त्यांच्या बाजूनं. सगळे अगदी बिनचूक वागत होते. मधल्या मधे माझ्या पोरीचं तोंड न बघता मायचा उजेड जात होता.

मी भावाला लिहिलं. कसंही कर आणि अखाजीला ये. त्याचं उत्तर आलं की कंपनी तीन आठवडे सुट्टी देते, बोटीचा प्रवास सोडून, फक्त सहा महिने आधी इंग्रजी तारखा लिहून द्याव्या लागतात. दिल्या आहेत. मी येतो. तुला आणि पोरीला नरडाण्याला नेतो, मायच्या मांडीवर ठेवतो.

ते सहा महिने मी कसे काढले ते सांगत बसत नाही. बागेत केळफुलं लोंबायला लागली, घड धरले, पानं फाटली. मी पोरीला रोज सांगायची, मामा येणार.

आणि तो आला. चैत्र अजून अर्धाही सरला नव्हता, तेव्हा आला.

अर्ज भरताना त्यानं हिशोब केला होता. गेल्या वर्षी अखाजी एप्रिलच्या शेवटी होती, म्हणून एप्रिलच्या तारखा लिहून दिल्या. मधे अधिक महिना येऊन गेला होता, दोन भाद्रपद झाले होते, आणि अखाजी चांगली पुढे, मेच्या मध्यावर सरकली होती. तिकडे पंचांग नव्हतं, हे कबूल. पण त्या अधिकात मायनं जावयाला वाण पाठवलं होतं, तेहतीस अनारसे, पितळी डब्यात, वर दिवा ठेवून. जळगावला येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर. मी त्याला पत्रात लिहिलं होतं की अनारसे पोचले, जाळी छान पडली होती. त्यानं ते वाचलं आणि उत्तरात लिहिलं की अनारशांच्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटलं. तोंडाला पाणी सुटलं, पण डोक्यात काही उतरलं नाही. केसाएवढी फट हाताला लागायची ज्याच्या, त्याला अख्खा महिना सापडला नाही.

तो ओसरीवर बसला होता. काळा पडला होता, गालफडं वर आली होती, आणि नखं स्वच्छ होती. आमच्या यांच्यासाठी मनगटी घड्याळ आणलं होतं, सासूबाईंसाठी खजुराचा डबा आणि रेशमी कापड. सासूबाईंनी कापड उलटसुलट करून बघितलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "पाव्हने, अखाजी तं अजून लांब हे. आताच कायले नेता तिले?"

"माझी बोट अखाजीच्या आधी सुटते," भाऊ म्हणाला. "मायचे डोळे चाललेत. आठच दिवस पाठवा. मीच आणून सोडतो."

"सन ना वार, आन सून माहेरी गेली तं लोकं काय म्हंतीन? काही बिनसलं म्हंतीन. अखाजीले घेऊन जा. कोनी बी या. आमी नाही म्हन्नार नाही."

कोणीही या. आमच्या माहेरी भावाशिवाय असा ‘कोणीही’ नव्हताच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अधिकाचे अनारसे खाणाऱ्या बाईला अखाजी कधी हेही ठाऊक होतं आणि तो तेव्हा नसेल हेही. मी दाराआडून यांच्याकडे बघत होते. यांनी नवं घड्याळ मनगटावर चढवलं होतं आणि ते कानाला लावून ऐकत होते. एवढं सगळं चाललेलं असताना माणूस घड्याळाची टिकटिक ऐकत होता. आम्ही पुढे पन्नास वर्षं संसार केला. माणूस वाईट नव्हता. पण ते घड्याळ मी कधी त्यांच्या हातात उचलून दिलं नाही.

आणि भाऊ काय म्हणाला? भाऊ म्हणाला, "बरं."

मला वाटलं होतं तो भांडेल. निदान आवाज चढवील. पूर्वीचा भाऊ असता तर म्हणाला असता, उठ बाई, चल. पण दोन वर्षं येस सर म्हणून म्हणून त्याची पाठच मऊ झाली होती. त्यानं चहा प्यायला, पोरीला उचललं, तिच्या हातात चांदीचा खुळखुळा दिला. निघताना मी फाटकापर्यंत गेले तर खाली मान घालून म्हणाला, "मी अधिक इसरी गऊ, बाई."

मी त्याला काही बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं. त्यानंतर आम्हाला बोलायला पुष्कळ वर्षं मिळाली, पण जे त्या फाटकात बोलायचं ते पुढे कुठंच बोलता येत नाही. सुट्टीचे राहिलेले दिवस त्यानं मायजवळ काढले आणि बोट गाठायला निघून गेला, आणखी दोन वर्षांच्या नव्या कागदावर सही करून. त्या दोनाची पुढे पाच झाली.

नंतर तो आला, धुळ्याला वर्कशॉपही टाकलं, चांगलं चाललं. आणि दर अखाजीला मला न्यायला येत राहिला, अगदी गुडघे धरेपर्यंत, न चुकता, पंचांग बघून. तेव्हा माय नव्हती. मी जायची. चार दिवस राहायची. दोघंही एकमेकांशी फार गोड वागायचो.

नातवाला मी परवा यातलं काही सांगितलं नाही. तो विचारत होता, आजी, गप्प का? मी म्हटलं, ऊन लागतंय, काच वर कर.

पण भाऊ चैत्रात येऊन गेला त्या वर्षीची अखाजी सांगायची राहिली. त्या दिवशी मी पहाटेपासून सगळं केलं. घागर भरली, सांजोऱ्या तळल्या, रस काढला, पितरांचा घास अग्नीत टाकला, सगळ्यांची पानं वाढली. मग हात धुतले, पोरीला काखोटीला मारलं, दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि ओसरीवर येऊन सांगितलं की मी नरडाण्याला जाते.

सासूबाई म्हणाल्या, "मुराळी कुठी हे?"

मी म्हटलं, नाही.

कुणी अडवलं नाही. मला वाटतं कुणाचा विश्वासच बसला नाही. मी फाटकाबाहेर पडले तेव्हा यांच्या हातातला पानाचा विडा तसाच होता. एस.टी.नं जळगाव, तिथून पॅसेंजर. तिकिटाच्या खिडकीत बाबूनं विचारलं, सोबत कोण आहे? मी पोरीकडे बोट दाखवलं. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःचं तिकीट स्वतः काढलं होतं आणि मला आनंद वगैरे काही झाला नाही, नुसता संताप येत होता, की एवढंच होतं तर. एवढंसं पुठ्ठ्याचं तिकीट. हे मी वर्षभरापूर्वी का नाही काढलं?

नरडाण्याला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. झोके भरात होते, गाण्यांचा आवाज स्टेशनापर्यंत येत होता. माय दाराशी बसली होती, तोंड भिंतीकडे. माझी चाहूल लागली तशी वळली, पण माझ्या दिशेनं नाही, थोडी बाजूला. चारच दिवसांपूर्वी उरलेला डोळाही गेला होता. भाऊ असेपर्यंत तिला माणसांचे आकार दिसत होते.

मी पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं. मायनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कान चाचपले, नाक दोन बोटांत धरलं. पोर रडेल असं वाटलं, पण रडली नाही. "नाक आपला घरनं शे," माय म्हणाली. मग तिचा हात थांबला. "मुराळी कोन वनथा?"

तेवढ्यात झोक्यावरच्या बायका आल्या, मला बघायला. सगळ्यांत पुढे शेजारची जिजा, गल्लीतली कुठलीही गोष्ट जिच्याशिवाय पुरी होत नसे. तिनं तेच मोठ्यानं विचारलं. "भाऊ ते बोटवर चालना गया. मंग मुराळी कोन?"

"मी," माय म्हणाली.

"तुले ते दिखस नही, माय."

"मन्ही पोरले मीच आनं," माय म्हणाली. "आते काय म्हननं शे?"

बायका परत झोक्यांकडे गेल्या. मायनं पोरीला छातीशी घेतलं. बराच वेळ ती तिच्या पापण्यांवर अंगठा फिरवत राहिली. मग हलक्या आवाजात तिनं मला विचारलं, "इना डोया कसा शेतस?"

पोरीचे डोळे थेट माझ्या सासूबाईंचे होते. घारे, बारीक, कोपऱ्यात खाली उतरलेले. सगळं नशिराबाद तसं म्हणत असे.

मी सांगितलं, "तुन्हासारखा, माय."